हळदीच्या धाग्याची जोडी

माझ्या बाने तीस वर्षं विलायतेतल्या कारखान्यासाठी बुटांचं कातडं कापलं. पण आपण कापलेल्या कातड्याचा तिकडे शिवून तयार झालेला बूट त्याने एकदाच हातात धरला. त्या बुटांची ही हकिगत. ती मी लिहू नये असं घरातल्यांना वाटतं. गेलेल्या माणसांचं कशाला उगाळत बसतेस, म्हणतात. पण ते बूट मी घातले होते, त्यांनी नाही. तेव्हा लिहायचं की नाही हे मीच ठरवणार.

बाचं नाव चंपत. चंपतराव तो पुढे झाला, केस पिकल्यावर. आम्ही चांभार, नागपुरात इतवारीच्या पलीकडे आमची वस्ती होती. इतवारीत भैयाजींचं भांड्यांचं मोठं दुकान होतं, आणि मागच्या गल्लीत त्यांचंच कातड्याचं गोदाम. गोदामातून घरी जाताना भैयाजी आधी आंघोळ करत. कातड्याला त्यांनी कधी बोट लावलं नाही, कातड्यावर वाडा मात्र बांधला.

काम असं होतं. विलायतेत बुटांचा एक मोठा कारखाना होता. तिथे कापणाऱ्यांची मजुरी परवडेना, म्हणून कापायचं काम इकडे आलं. तिकडून जस्ताच्या पत्र्याचे फर्मे येत, त्यांवर आकडे कोरलेले: चवड्याचा फर्मा वेगळा, टाचेचा वेगळा, जिभेचा वेगळा. बा आणि त्याच्यासारखे अकरा जण कातड्यावर फर्मा ठेवून रापीने तुकडे कापत. बारा जोड्यांचं एक बिंडल, त्यावर कापणाऱ्याचा आकडा, बिंडलं पेटीत, पेटी रेल्वेने मुंबईला आणि तिथून बोटीने पार. तिकडे तुकड्यांचे बूट होत आणि ते कुठल्या कुठल्या मुलखांत विकले जात. भैयाजींचे कारकून वामनराव एकदा बाला म्हणाले, "चंपत, कानडा म्हणून देश आहे, तिथं लोक तुझे बूट घालून बर्फात फिरतात." बाने बर्फ पाहिला नव्हता, आणि तिकडे शिवलेला बूटही पाहिला नव्हता.

फर्मा कोणीही ठेवील. तो कुठे ठेवायचा हे कळायला जन्म जातो. जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट असतं, पोटाचं ढिलं, आणि ढिलं कातडं पायात गेलं की फताडं होतं. बा आधी डोळे मिटून सबंध कातड्यावरून तळहात फिरवायचा, मगच रापी उचलायचा. जोडीतला डावा आणि उजवा तो नेहमी कण्याच्या दोन बाजूंना समोरासमोर कापायचा. "एकाच जनावराचे पायजे," म्हणायचा. "नाई तं एक म्हातारा होते अन् दुसरा तरनाच राहते." तिकडच्या साहेबांनी हे त्याला सांगितलं नव्हतं, आणि तो असं करतो हे त्यांना माहीतही नव्हतं.

गोपिका माझी मोठी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. जन्मतःच तिचा डावा पाय आत वळलेला होता. तळवा जमिनीला टेकायचा नाही; पायाच्या बाहेरच्या कडेवर भार देऊन ती चालायची. वैशाखात नागपूरची जमीन कशी तापते ते वेगळं सांगायला नको. ती कड भाजायची, फुटायची, हिवाळ्यात कुठे भरत यायची, की पुन्हा उन्हाळा. माय तिला कडुनिंबाच्या पाण्याने पाय धुऊन द्यायची आणि देवाला शिव्या द्यायची. मायचं नाव भागीरथा, आणि तिच्या शिव्या ऐकण्यासारख्या असत.

गोपी सात वर्षांची असताना बा तिला खांद्यावर बसवून मिशनच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाय उलटसुलट करून पाहिला. हाडं अजून कोवळी आहेत, म्हणाल्या. पायाच्या आकाराचा, घोट्याच्या वर येणारा टणक बूट घातला तर जखम व्हायची थांबेल, पाय आणखी वळणार नाही, आणि ही आपल्या पायांनी शाळेत जाईल. दहाव्या वर्षानंतर मात्र काही उपयोग नाही. आणि जाता जाता म्हणाल्या, असे बूट इथे होत नाहीत, विलायतेत होतात.

शाळेचं नाव निघालं आणि गोपीने तेवढंच ऐकलं. गोदामातून येणाऱ्या रद्दी कागदांवरची अक्षरं ती कोळशाने अंगणात गिरवत बसायची. ती इंग्रजी आहेत की मराठी हेही तिला ठाऊक नव्हतं. शाळा सीताबर्डीच्या अंगाला होती, चांगली कोसभर दूर. एवढ्या लांब कडेवर भार देत जायचं म्हटलं तर ती अर्ध्या वाटेत बसली असती. आणि बा पहाट फुटता फुटता गोदामात जायचा, तिला रोज नेणार कोण?

आधी बा कामठीला गेला. तिथला देवराव त्याचा जुना सोबती, शिवण्यात वस्ताद. देवरावने जीव ओतून एक बूट शिवला. दिसायला देखणा, पण लाकडी साच्यावर मशीनने ताणल्याशिवाय कातड्याला टणकपणा येत नाही. आठ दिवसांत बूट पायाबरोबर वळला आणि आतून घासून नवी जखम झाली. देवराव कानाच्या पाळीला हात लावून म्हणाला, "चंपत, माह्या हातानं नाई होत गा. हे तिकडच्या मशीनीचंच काम हाय."

आता एक रीत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. विलायतेचं काम येण्याआधी बा देवरावसारख्या शिवणाऱ्यांसाठी कापायचा. दसऱ्याला आमच्यात रापी-आरीची पूजा होते. त्या दिवशी कापणाऱ्याने बिंडलात आपल्या घरच्या माणसाच्या मापाची एक जोडी टाकायची आणि तिला हळदीत भिजवलेला धागा बांधायचा. काही सांगायचं नाही, लिहायचं नाही. शिवणारा धागा पाहून समजायचा आणि जोडी फुकट शिवून परत पाठवायचा. तिला घरची जोडी म्हणत. ती कोणी नाकारली असं कधी झालं नव्हतं. तुकडे जसे कापलेत तसेच शिवायचे, पाय कसा आहे ते कापणाऱ्याला माहीत. त्यात शिवणाऱ्याने अक्कल चालवायची नाही, हीसुद्धा रीतच.

त्या वर्षीच्या दसऱ्याला बाने ठरवलं की घरची जोडी विलायतेला पाठवायची.

मायने कपाळावर हात मारला. "गोपीचे बा, डोकं फिरलं काय तुमचं? त्या साहेबलोकाईले हळद काय समजते?"

"साहेबाले नाई समजत. पन तिथं शिवनारा तं असंलच ना वं. त्याले समजते. हाताले हात ओळखते."

"मंग एखादा कागुद तरी टाका संगं. वामनरावाले सांगा, दोन अक्षरं लिहून देतीन."

"वामनरावाले सांगतलं का भैयाजीले समजलंच. बारा जोड्याईच्या वर एक तुकडा गेला तं हाकलून देतीन मले. अन् शिवनाऱ्याले कागुद कायले पायजे? कातडं पाह्यलं का झालं."

माय हळद कालवायला उठली. त्याच्या कामापुढे ती कधी बोलायची नाही, आणि तिथेच चुकलं. मी पाच वर्षांची होते, मला दोष नाही. तरी आजही वाटतं, मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं.

पूजा झाल्यावर बाने गोपीला जमिनीवर उभं केलं आणि कोळशाने पायाची रेघ काढली. तीनदा पुसली, तीनदा काढली. ओली चिंधी तिच्या घोट्याभोवती गुंडाळून, वाळवून, तिच्यावरून माप घेतलं. डाव्या पायाचा चवडा असा आत वळत होता की त्याचा तुकडा कोयरीसारखा दिसत होता. पोचेपर्यंत पोर वाढेल म्हणून दोन बोटं जास्त ठेवली. कातडं त्याने स्वतःच्या मजुरीतून घेतलं होतं, ऐन पाठीचं. उजवा तुकडा कण्याच्या ह्या बाजूला, डावा त्या बाजूला. गोपी श्वास रोखून पाहत होती. रापी तिच्या रेघेवरून एकदाही न अडखळता फिरली. एवढं अवघड काम बाने आयुष्यात केलं नव्हतं, आणि एवढं चांगलंही केलं नव्हतं, हे त्याने मला पुढे सांगितलं.

धागा गोपीने बांधला. दुसऱ्या दिवशी बाने ती जोडी बिंडलाच्या मधोमध सरकवली आणि पेटीला खिळे ठोकले गेले.

मग वाट पाहणं सुरू झालं. रोज संध्याकाळी गोपी स्वतःच पाय धुऊ लागली, मायने सांगायची वाट न पाहता. बूट येतील तेव्हा जखम नको, नाही तर घालता येणार नाहीत. आम्ही लंगडी खेळायला बोलावलं तरी यायची नाही. "माह्या पायाले जपून राहिली मी," म्हणायची, आणि मला तिचा राग यायचा. बा घरी आला की ती त्याच्या हातांकडे आधी पाहायची, मग तोंडाकडे. बा मान हलवायचा. दिवाळी गेली, होळी गेली, एक उन्हाळा गेला. त्या उन्हाळ्यात तिने अंगणाबाहेर पाऊल टाकलं नाही आणि जखम झालीही नाही. दुसरा दसरा आला. माय म्हणाली, बुडाली असंल एखादी बोट. बा म्हणाला, शिवनारा आजारी असंल.

पौषात एक दिवस भैयाजींनी बाला बोलावणं पाठवलं. टेबलावर एक पुठ्ठ्याचा डबा होता आणि वामनरावांच्या हातात पत्र. नोकरी गेली असंच बाने धरलं होतं.

"काय गा चंपत," भैयाजी म्हणाले, "लई हुशार झाला तू?" पण ते हसत होते.

वामनरावांनी पत्र वाचून अर्थ सांगितला. चंपतच्या आकड्याच्या मागे आलेल्या एका बिंडलात लहान मुलीच्या मापाची एक जोडी निघाली. त्यातला डावा तुकडा कापणाऱ्याच्या हातून फारच वाकडा कापला गेला होता. बाकी काम इतकं सुरेख होतं की आमच्या एका जुन्या कारागिराने तो वाकडा तुकडा फेकून न देता बरेच दिवस जवळ ठेवला; मग आपल्याजवळच्या कातड्यातून सरळ तुकडा कापून जोडी हौसेने पूर्ण केली. ती भेट म्हणून पाठवत आहोत. पिवळा धागाही सोबत आहे, तो महत्त्वाचा असावा असं आमच्या कारागिराला वाटलं. कापताना पुढे अशी चूक होऊ देऊ नये.

"करायला गेला गणपती अन् झाला मारुती," भैयाजी म्हणाले. "तिकडच्यानं सुधरवून देल्ला तं बरं झालं. ने घरी पोरीले."

म्हणजे धागा त्याला कळला होता. हेच मला सहन होत नाही. तिकडे खरंच एक शिवणारा बसला होता, बाने म्हटलं तसाच. कुठला कोण म्हातारा, त्याने आमच्या गोपीसाठी दिवस घालवले. त्याला एवढंच कळलं नाही की असाही पाय असतो.

बा डबा न उघडता घरी आला. वाटेत आपण काय विचार करत होतो ते त्याने कधी सांगितलं नाही. गोपी दारातच उभी होती, आणि ह्या वेळी त्याच्या हातात काहीतरी होतं. ती ओरडली, "माय, आले वं, आले!" इतक्या मोठ्याने ती ओरडलेली मी पहिल्यांदाच ऐकली. शेजारपाजारच्या बाया जमल्या.

असे बूट आमच्या वस्तीत कोणी पाहिले नव्हते. तपकिरी, घोट्याच्या वर येणारे, पितळी कड्यांतून नाडी ओवलेली, आणि एका कड्याला तो हळदीचा धागा, जरा फिकट झालेला. बाने उजवा बूट हातात घेतला, डोळे मिटून वरून हात फिरवला. मग डाव्यावरून फिरवला आणि डोळे उघडले. "हा आपला नोहे," एवढंच म्हणाला. दुसऱ्या जनावराचं कातडं होतं ते.

उजवा बूट गोपीच्या पायात अलगद गेला. मग तिने डावा घेतला. तिला पत्राचं काही सांगितलं नव्हतं. तिने पाय आत घातला, तो टाचेशीच अडला. तिने काढला, फिरवला, पुन्हा घातला. बायका म्हणत होत्या, जोर लाव वं, नवा हाय, घट्ट असते. तिने जोर लावला. ओठ दाताखाली धरून लावला. वर्षभर जपलेल्या त्या कडेवर रक्त आलं तेव्हा मायने बूट ओढून घेतला आणि बायकांना हाकलून दिलं.

बा भिंतीला टेकून बसला होता आणि रडत होता. गडीमाणसाला असं रडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. गोपी सरकत त्याच्याजवळ गेली. आठ वर्षांची पोर ती. म्हणाली, "काहून रडून राहिला बा? उजवा बसला ना."

दुसरा बूट करून मागवायचा प्रश्नच नव्हता. भैयाजींनी बजावलं होतं, एकदा हसलो, दुसऱ्यांदा हसणार नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बिंडल मोजून बांधायला वामनराव स्वतः उभे राहू लागले.

बूट कोनाड्यात पडून होते. उन्हाळा सरल्यावर गोपीनेच ते काढले, चवड्यात चिंध्या कोंबल्या आणि मला समोर बसवून माझ्या पायात घातले. दोन्ही. नाड्या तिनेच बांधल्या. मला ते हवे होते. हे मी लपवणार नाही; डबा उघडला त्या दिवसापासून मला ते हवे होते. "चालून दाखव," ती म्हणाली, आणि मी अंगणात खट्‌खट्‌ चालले. ती मन लावून पाहत होती. मग बाला म्हणाली, "कौशीले धाडा शाळेत. बुटं वाया नको जायले."

अशी मी शाळेत गेले. तिथे आम्हाला दाराशी वेगळं बसवत. चांभाराच्या पोरीच्या पायात विलायती बूट पाहून मास्तर म्हणाले, चोरले की काय. पण बसू दिलं. संध्याकाळी घरी आले की गोपी आधी बूट पुसून ठेवायची, मग विचारायची, आज काय शिकवलं? मी जे शिकायची ते ती कोळशाने अंगणात लिहायची. माझ्यापेक्षा तिचं अक्षर चांगलं होतं.

मी तिसरीत गेल्यावर एक दिवस बा माझ्यापुढे कागद घेऊन बसला. "लिही," म्हणाला. "पाय वाकडा हाय. तुकडा वाकडा नव्हता." मी लिहिलं. वामनराव कधी आजारी पडले तर बिंडलात टाकीन म्हणून तो कागद त्याने बंडीच्या खिशात ठेवला, आणि एकदा टाकलाही. तिकडे मराठी कोण वाचणार, हे मला तेव्हा कळत होतं. पण सांगायची छाती झाली नाही. उत्तर आलं नाही. एक ओळ होती ती, आधी गेली असती तर. पुढे मी शेकडो पोरींना लिहायला शिकवलं, आणि दर वर्षी पहिल्या दिवशी मला ती ओळ आठवते आणि बाचा संताप येतो. त्याच्या अभिमानाचा येतो. मग त्याचे हात आठवतात आणि संताप राहत नाही.

दहावं वर्ष सरलं तसा गोपीचा पाय आणखी वळला. चौदाव्या वर्षी, वैशाखात, त्या कडेची जखम चिघळली. ताप चढला. मिशनच्या दवाखान्यात तीन दिवस होती. तिसऱ्या दिवशी गेली. बाने तिला खांद्यावरूनच घरी आणलं, नेलं होतं तसंच.

त्यानंतर दर दसऱ्याला रापीची पूजा होई, पण हळदीचा धागा आमच्या घरात पुन्हा भिजला नाही. बा कापत राहिला. लढाई लागली तेव्हा शिपायांच्या बुटांचं काम आलं, तेही त्याने कापलं. डोळे अधू झाले तेव्हा हाताने चाचपून कापलं. एकोणीसशे पंचेचाळीस साली त्याने खाट धरली, आणि त्याला माणसं नीट ओळखू येईनाशी झाली.

मी तेव्हा त्याच शाळेत मास्तरीण होते. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी त्याच्या खाटेजवळ बसायची. एक दिवस तो उठून बसला आणि वाकून त्याने माझा डावा पाय मांडीवर घेतला. डोळे मिटून टाचेपासून अंगठ्यापर्यंत हात फिरवला. माझा पाय सरळ आहे.

"गोपे," तो म्हणाला, "बसला ना वं?"

माय चुलीपाशी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"बसला, बा," मी म्हटलं.

"दुखत नाई ना?"

"नाई दुखत."

त्याने माझा पाय सावकाश खाली ठेवला. "मंग जाय शाळेत," म्हणाला. "वेळ होऊन राहिला."

मी चपला घातल्या आणि शाळेत गेले. तो आणखी पाच महिने जगला. रोज सकाळी तो तेच विचारायचा आणि मी तेच सांगायची.